आधी खिडकी, मग दार

अहमदपूरच्या बसस्थानकावर एसटी सुटायला लागली, की सगळे पळायचे. आमची वहिनी चालायची. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं पदर सावरत, वाटेत कुणी भेटलं तर त्याची खुशाली विचारत. आणि एवढं करून पळणाऱ्यांची गाडी चुकायची. हिची चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. कंडक्टर दारात उभा राहून "या बाई, या, सावकाश या" म्हणायचा. मी नांदेडहून माहेरी येता-जाता आयुष्यभर त्या स्थानकावर धावले, एकदा पडून गुडघा फोडून घेतला, पण माझ्यासाठी कुठल्या कंडक्टरनं घंटीची दोरी धरून ठेवल्याचं आठवत नाही. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकते, की वहिनीबद्दल मी जे लिहिणार आहे त्यात निःपक्षपातीपणा शोधू नये. मला तिचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं अहमदपूरच्या मोंढ्यात धान्याच्या आडतीचं दुकान, आणि वहिनी जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिचं माहेर निलंग्याच्या पलीकडे, अगदी कर्नाटकाच्या शिवेवरचं. त्यांच्या घरी आईला ‘अव्वा’ म्हणत. नवी नवरी म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी तिनं माझ्या आईला ‘अव्वा’ म्हणून हाक मारली. गल्लीतल्या बायका हसल्या, आईही हसली. वर्षभरात आई त्या हाकेला ओ द्यायला लागली. मी दारातून "आई, अगं आई" असं ओरडत यायची, तेव्हा आई आतून "आले आले" म्हणत आपलं हातातलं काम संपवायची. वहिनी स्वयंपाकघरातून नुसतं "अव्वा..." म्हणाली, तेही शेवटचं अक्षर गिळून, की आई हातातलं सूप खाली ठेवायची. वयानं आम्ही दोघी बरोबरीच्या, म्हणून मी तिला सरळ ‘तू’ म्हणते. ती मात्र मला ‘ताई, तुमी’ म्हणते. भांडायला सुद्धा जागा ठेवली नाही तिनं.

आमच्या घराण्याला घाईचा वारसा आहे. वडील उभ्यानं जेवायचे, दादा अर्ध्या वाक्यात उठून जातो, आणि मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत नोकरी केली ती सगळी फायलींच्या पुढे पळत केली. आई तर आमची गुरू. भाकरी थापताना तिचा हात दिसायचा नाही. अशा घरात ही गोगलगाय आली. तिला प्रश्न विचारला, की ती आधी तो ऐकायची, मग थोडी थांबायची, मग उत्तर द्यायची. मधल्या वेळात दादा दुकानात पोचलेला असायचा. मला वाटलं होतं, आई हिला महिनाभरात सरळ करील. झालं उलटंच. आई पाहुण्यांना कौतुकानं सांगायला लागली, "सून माझी लई निवांत हाय. तिच्यापाशी बसलं की जीव गार होतो." आणि मी आले की म्हणायची, "आली बघा वावटळ." वावटळीला जन्म कुणी दिला होता, हे मी तिला पुष्कळदा विचारलं.

आईला पहिली चक्कर आली तेव्हा ती सत्तरीत होती. सकाळी अंथरुणातच तिनं कूस बदलली आणि ओरडली, "अगं, घर फिरून राह्यलं! धरा गं कुनीतरी!" दादा आंघोळीला गेला होता. वहिनी चहाचं आधण टाकून आली. ती पळत आली का, हे मी नंतर मुद्दाम विचारलं. आई म्हणाली, "न्हाई. चालतच आली. पर आली." त्या ‘पर आली’मधला टोमणा मला बरोबर लागला, कारण मी त्या वेळी नांदेडला माझ्या घरी चपात्या लाटत होते.

वहिनीनं आईचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, "फिरू द्या हो अव्वा. घर फिरून फिरून जाईल कुठं? आपल्याच जाग्यावर येतंय बघा." आणि घर आलं जागेवर. हे वाक्य आईनं मला फोनवर ऐकवलं, मग भेटीत ऐकवलं, मग मावशीला सांगताना मला पुन्हा ऐकावं लागलं. घर तसंही थांबणारच होतं. ती चक्करच तशी असते, थोड्या वेळानं आपोआप ओसरते. पण पाऊस पडायच्या वेळी जो आभाळाकडे बघतो, त्यालाच पावसाचं श्रेय मिळतं.

पुढचे काही आठवडे सगळ्यांनी आपापली हौस भागवून घेतली. दादा म्हणाला, बीपी. शेजारच्या काकू म्हणाल्या, पित्त. त्यांनी सुंठ-साखरेचा डबाच आणून दिला. मी फोनवरून शुगर तपासायला लावली. गावातल्या एका डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला आणि मणके झिजलेत म्हणून गळ्याला पट्टा दिला. पट्ट्यामुळे आईला स्वतःचं ताट दिसेना. घास कुठे आहे ते वहिनी सांगायची, "अव्वा, भाजी जरा अल्याड," आणि दोघी हसत बसायच्या. पट्टा बांधूनही चक्कर यायची ती यायचीच. आडवं होताना, उठताना, फळीवरचा डबा काढायला मान वर केली की. शेवटी दादानं लातूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. मी रजा टाकली आणि नांदेडहून थेट लातूरला पोचले. अर्थात सगळ्यांच्या आधी.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या. त्यांनी आईला तपासायच्या पलंगावर बसवलं, तिची मान उजवीकडे वळवली आणि एकदम मागे निजवलं, डोकं पलंगाच्या कडेबाहेर लोंबतं ठेवून. आई किंचाळली. तिची बुबुळं थरथरत एका बाजूला धावायला लागली. डॉक्टर त्या डोळ्यांकडे शांतपणे बघत होत्या. "सापडलं," त्या म्हणाल्या. "मानेचं काही नाही. उजव्या कानाचं आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, तिथे चुन्यासारखे बारीक कण असतात. ते कधी कधी आपली जागा सोडून शेजारच्या नळीत शिरतात. डोकं वळलं, की ते नळीत घरंगळतात आणि मेंदूला वाटतं, आपण गरगर फिरतोय. गोळीनं ते परत जात नाहीत. मान एका ठरावीक क्रमानं वळवून, प्रत्येक ठिकाणी थांबून, त्यांना हळूहळू घरी पोचवावं लागतं.

"म्हंजे जत्रंत चुकलेलं पोरगं मायपाशी आणून सोडल्यावानी," आई डोळे मिटूनच म्हणाली.

"अगदी तसंच, आजी," डॉक्टर हसल्या. "ही चक्कर पुन्हा येऊ शकते. घरातल्या कुणीतरी हे शिकून घ्या. डोकं नीट धरणारं माणूस पाहिजे."

आईनं हात लांब केला. मी तिच्या अगदी जवळ, उशापाशीच उभी होते. तो हात माझ्या पोटावरून पुढे गेला आणि त्यानं मागे उभ्या असलेल्या वहिनीचा पदर धरला. डॉक्टर म्हणाल्या, "वा, लेकीचा आधार चांगला आहे." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, तुम्ही जरा बाहेर बसता का? खोली लहान आहे." आईला घेरी होती, ती काय बोलणार? आणि वहिनीनं ती चूक दुरुस्त करायला नक्कीच तोंड उघडलं असणार, पण तिला बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलेही होते. आतून आईचा आवाज येत होता, "सोडू नको गं." आणि वहिनीचा, "न्हाई सोडत." मी समोरच्या भिंतीवरचं कानाचं मोठं चित्र बघत बसले. शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले, "सासूबाईंना आणलंय व्हय?" मी हो म्हणून टाकलं.

आई बाहेर आली ती स्वतःच्या पायांनी. परतीच्या वाटेवर भाड्याच्या गाडीत वहिनी सगळा क्रम घोकत होती. शाळेत पोरांना पाढे घोकून घ्यायची सवय. "आधी खिडकी, मग दार, मग जमीन, मग उठून बसायचं." दवाखान्यात आई निजली, की खिडकी तिच्या उजव्या हाताला होती आणि दार डाव्या. म्हणून आधी खिडकीकडे तोंड, मग दाराकडे, मग कुशीवर होऊन जमिनीकडे. आईलाही ते पाठ झालं. दोघी एका सुरात म्हणत होत्या. मी पुढच्या सीटवर ड्रायव्हरशी रस्त्याच्या खड्ड्यांविषयी बोलत राहिले.

सोयाबीन निघायच्या दिवसांत चक्कर पुन्हा आली. दादानं फोनवर सांगितलं, "काळजी करू नको, तुझी वैनी करून राह्यली सगळं." मी म्हटलं, बरं. आठवडा झाला, तरी चक्कर हटेना. वहिनी रोज सकाळी शाळेला जायच्या आधी आईला निजवून सगळा क्रम करत होती, आई निमूट करून घेत होती, आणि उठली की घर फिरतच होतं. रविवारी मी सकाळची गाडी पकडून अहमदपूरला गेले. खोटं कशाला बोलू? वहिनीच्या हातून गुण येत नाही, हे ऐकून मला गाडीत खिडकीची जागा मिळाल्याइतका आनंद झाला होता.

मी दारात उभी राहून बघितलं. आई पलंगावर आडवी, डोकं कडेबाहेर, वहिनी मागे स्टुलावर. "आधी खिडकी," वहिनी म्हणाली आणि आईचं तोंड खिडकीकडे वळवलं. खिडकी आईच्या डाव्या हाताला होती.

"वहिनी," मी ओरडले, "उजवा कान ना आईचा?"

वहिनीनं प्रश्न ऐकला. थांबली. "हाव," ती म्हणाली.

"मग डावीकडं का वळवून राह्यलीस?"

मग उलगडा झाला. आमच्या मधल्या खोलीत आईचा पलंग दक्षिणेच्या भिंतीला लावलेला. डोकं बाहेर लोंबायला हवं तर मोकळ्या टोकाकडे उलटं निजायचं, म्हणजे डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला. वहिनीनं पहिल्या दिवशी तसंच निजवलं होतं, आणि तेव्हा खिडकी बरोबर उजव्या हाताला येत होती, दवाखान्यात होती तशी. पण आई ताडकन उठून बसली. "दक्षिनंला पाय करून निजवतीस व्हय गं मला? तसं मेल्यावर निजवतेत. अजून टाइम हाय." दादा आणि वहिनीनं मग सगळा पलंगच फिरवून उत्तरेच्या भिंतीला लावला. डोकं दक्षिणेला आलं, यमाची सोय टळली. पलंग फिरला, पण खिडकी जिथल्या तिथेच राहिली, आणि ती आता आईच्या डाव्या हाताला आली. घोकलेला पाढा मात्र तोच होता: आधी खिडकी, मग दार. पोरांना ‘डावा हात वर, उजवा हात वर’ शिकवण्यात जिचा जन्म गेला, ती बाई आठवडाभर माझ्या आईच्या धडधाकट कानावर उपचार करत होती!

मी कमरेवर हात ठेवून हे सगळं सविस्तर समजावून सांगितलं. असा दिवस माझ्या आयुष्यात फार उशिरा आला होता, मी तो लवकर संपू देणार नव्हते. वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागली. तिचं हसणंही सावकाश, आधी खांदे, मग आवाज. आई उताणीच होती, तीही हसायला लागली. "आगं बाई, आठ दिस मी उगंच फिरले की गं!" दोघी हसता हसता डोळे पुसायला लागल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

"सरक वहिनी, आता मी करते," मी पदर खोचला.

आईचं हसणं थांबलं. "नको गं," ती म्हणाली. "तू लई घाई करतीस. तिलाच करू दे."

"अगं, ती चुकली ना!"

"चुकली तर चुकली. आता तू सांगितलीस ना? आता न्हाई चुकायची."

वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला जागा द्यायची होती मला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याचा मला जास्त राग आला. मी म्हटलं, "कर तूच." तिनं आईची मान उजवीकडे वळवली. आईनं डोळे गच्च मिटले, वहिनी म्हणाली, "फिरू द्या." मग दुसरी बाजू, मग कूस, मग बसणं. दोन-तीन सकाळींत चक्कर गेली. आईनं गल्लीभर सांगितलं, "सुनेनं बरी केली." कुणीतरी माझं नाव काढलं तेव्हा म्हणाली, "हाव, लेक बी आली व्हती. तिनं खिडकी दावली."

चक्कर गेली तरी आईच्या मनातून ती जाईना. डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी ती चालायची. मान वळवायचीच नाही; बोलावलं की सगळं अंग घेऊन वळायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता मान मोकळी हलवायला पाहिजे, नाहीतर तोल सुधारणार नाही. वहिनी शाळेतून आली, की आईला धरून गल्लीत फिरवायची. धरून म्हणजे नुसतं कोपराला बोट लावून. "अव्वा, त्या लिंबाला निंबोळ्या लागल्या का बघा बरं." आई भीत भीत वर बघायची. "आता खाली बघा, तुमची चप्पल उलटी हाय का?" तिचे ते विशेष संथ पाय या कामाला अगदी घडवून आणल्यासारखे होते. शेवटी आई रस्त्यानं जाताना मागून हाक आली तर झटकन मान वळवायला लागली. त्या संध्याकाळच्या फेऱ्यांत दोघी काय बोलायच्या, हे मी कितीदा तरी आडून विचारलं. आई म्हणायची, "काय बोलनार? निंबोळ्या."

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी हट्टानं आईला नांदेडला आणलं. मी सगळी तयारी केली होती. आईसाठी वेगळी खोली, नवा पलंग, तो सुद्धा असा लावलेला, की डोकं लोंबवलं तरी पाय दक्षिणेला जाऊ नयेत. मी क्रम नीट शिकून घेतला होता, उशीवर सराव केला होता. आणि मनातल्या मनात मी त्या चक्करची वाट बघत होते, हे आता लिहायला हरकत नाही. ती आली. सकाळी आई हाका मारायला लागली. मी धावत गेले, खरोखर धावत, आणि तिला निजवलं. उजवा कान, उजवीकडे मान, सगळं बरोबर. पण आईनं मान अशी ताठ धरली होती, की वळवताना मला जोर लावावा लागला. "मान सैल सोड ना, आई," मी म्हणाले. "सोडलीया की," ती म्हणाली. सोडली नव्हती. मग दुसरी बाजू. आईला उलटी झाली. ती उठून बसली, माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "मला अहमदपूरला सोड गं बाई. वैनीला बोलव."

वहिनी दुपारच्या गाडीनं आली. येऊन आधी हातपाय धुतले, मग चहा प्यायली, तोही बशीत ओतून. मी दाराशी टॉवेल घेऊन उभी, माझ्या अंगाची लाही लाही होत होती. मग ती आईच्या उशाशी बसली. मी केलं होतं तेच तिनं केलं, तसूभर वेगळं नाही. आई उठून बसली आणि म्हणाली, "आलं बाई जाग्यावर." त्या रात्री आई वहिनीच्या हाताला धरून झोपली, आणि मी नव्या पलंगाच्या चादरी वाळत घातल्या. वहिनी मला म्हणाली, "ताई, तुमी सगळं बरोबरच केलाव." मला ठाऊक होतं ते. तीच तर तक्रार होती माझी. दुसऱ्या दिवशी दोघी परत गेल्या. बसस्थानकावर आई चालत होती, तिच्याबरोबर वहिनी चालत होती, आणि गाडी थांबली होती.

काही वर्षांनी आई गेली. चक्करनं नाही, दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. वहिनी तेव्हा शाळेत होती, दादा दुकानात, मी नांदेडला. ती कुणाच्याच हातात गेली नाही, याचं मला त्या दुःखातही एक बारीकसं समाधान वाटलं. असं वाटू नये, पण वाटलं. दहाव्याला सगळे मला भेटायला येत होते आणि भेटून झालं की वहिनीपाशी बसून रडत होते.

आणि मग मला चक्कर आली. निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी केस विंचरायला मान वाकवली आणि सगळं घर एका बाजूनं उचलल्यासारखं झालं. मी कपाट धरलं, कपाटच फिरत होतं. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेच आहे, डावा कान. त्यांनी क्रम करून दिला, पण मला तिथे इतकी धास्ती बसली होती, की मी निम्म्यात उठून बसले. घरी यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, प्रयत्न केला, पण मी ओरडले तसे त्यांनी हातच काढून घेतले. मी कुणाला सांगू नका म्हटलं होतं, तरी यांनी अहमदपूरला फोन केला. वहिनी त्याच आठवड्यात दादाबरोबर पुण्याला निघाली होती, कायमची, लेकाकडे. सामान बांधून झालं होतं. ती सामान तसंच ठेवून आली.

तिनं चहा घेतला. मग मला पलंगावर बसवून तिनं मान डावीकडे वळवली आणि मागे निजवलं. छत कोसळलं, पंखा भिंतीवर गेला, भिंत खाली गेली. मी डोळे मिटले तर आतला अंधारही फिरत होता. "वहिनी!" मी ओरडले. तिचे दोन्ही हात माझ्या डोक्याखाली होते.

"हाय मी," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, अजून तुमीच धरून राह्यलाव. सोडा."

"सोडलंय."

"न्हाई सोडलं. मला वजनच लागंना."

मी सोडायचा प्रयत्न केला. आयुष्यात ठरवून काही सोडायची मला सवय नाही. तिनं घाई केली नाही. कधी कुणास ठाऊक, मानेतली ओढ गेली.

"हां," वहिनी म्हणाली. "आता जड झालं." मग बऱ्याच वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "अव्वांचं बी असंच व्हायचं. आधी हलकं, मग एकदम जड. जड झालं की मी समजायची, आता भ्या गेलं."

नांदेडच्या या घरात मी आईचं डोकं हातांत धरलं होतं, तेव्हा ते हलकं लागलं होतं. म्हातारपणानं आई किती हलकी झाली, असं वाटून मला तेव्हा भरून आलं होतं.

"किती जड व्हायचं गं?" मी विचारलं.

तिनं प्रश्न ऐकला, थांबली. "आता कसं सांगू, ताई?" ती म्हणाली. "हाताला ठाऊक हाय."

तिचे ते हात माझ्या डोक्याखाली तसेच होते, उबदार, जरा खरखरीत, बोटांना खडूची जुनी पूड बसल्यासारखे. पंखा छताला परत आला होता. भिंत उभी राहिली होती. वहिनीचा चेहरा माझ्यावर उलटा, पण स्थिर दिसत होता.

"थांबलं का फिरायचं?" तिनं विचारलं. "काढू हात?"

"नको," मी म्हणाले. "अजून फिरतंय. धरून राहा."